संशयाच्या फळ्यावर माझी थुंकी

मी निघाले त्या दिवशी दिंद्रुडच्या स्टँडजवळ, आमच्या पंक्चरच्या दुकानापुढं जीप उभी होती आणि घरातल्या सगळ्या बायका तिच्याभोवती रडत होत्या. रडत नव्हते फक्त अब्बा. ते मागच्या चाकापाशी उकिडवे बसले होते. ड्रायव्हर म्हणाला, "चाचा, हवा कालच भरलीय. परत कावून बघताव?" अब्बांनी व्हॉल्व्हची टोपी काढली, डाव्या हाताचं बोट जिभेला लावलं आणि ती थुंकी व्हॉल्व्हच्या तोंडावर टेकवली. बुडबुडा येतो का बघितलं. आला नाही. मग चारही चाकांचं तसंच केलं, स्टेपनीचंही केलं. उठले, माझ्याकडं न बघता जीपच्या पत्र्यावर थाप मारली आणि म्हणाले, "जा. हैदराबादपर्यंत काय होत न्हाई."

त्यापुढचं ते काही बोलले नाहीत. हैदराबादच्या पुढं विमान होतं, आणि विमानाच्या चाकांपर्यंत अब्बांचं बोट पोचणार नव्हतं.

त्याला आता पाच वर्षं झाली. तुम्ही वर्गातल्या मुली, कुणी दिंद्रुडलाच आहात, कुणी चकलांब्याला नांदताय, कुणी पुण्यात कंपनीत, कुणी माझ्यासारख्या समुद्रापलीकडं. ग्रुपवर सारखं विचारता, "नसीम, तू कॅनडात नेमकं करतीस काय गं?" मी अंगठ्याचं चित्र टाकून विषय बदलते. एक तर सांगायला वेळ लागतो. दुसरं, मधले काही महिने मला सांगायची भीतीच वाटत होती. ती भीती आता गेली, म्हणून आज बसून लिहितेय. घरात आमची दखनी बोली, पण शाळा मराठी आणि दुकानाचा कारभारही मराठीतच, त्यामुळं लिहायचं म्हटलं की हात मराठीकडंच वळतो.

तर ऐका. मी जमिनीखाली दोन किलोमीटरवर काम करते. खरंच! लोखंडी पिंजऱ्यात उभं राहून खाणीत उतरते. आणि आजवर कुणालाच न सापडलेली एक गोष्ट शोधणाऱ्या लोकांची भांडी घासते. भांडी म्हणजे पाइप, झाकणं, नळ्या, बोल्ट. आणि ती कुठून गळत नाहीत ना, ते तपासते.

हसू नका. मला हे काम कसं मिळालं ते सांगते.

तुम्हाला आठवत असेल, नववीच्या सहामाहीनंतर माझी शाळा सुटली. अब्बांचा उजवा हात जॅकखाली आला आणि दोन बोटं कायमची ताठ झाली. भाऊ नाही, म्हणून दुकानात मी बसले. स्टँडवरची माणसं लई बोलायची. "रहीमचाचा, पोरीच्या हातात पाना? उद्या ट्रॅक्टर चालवायला लावताव का काय?" अब्बा म्हणायचे, "पान्याला काय ठाव धरणारा कोण हाय? नट निघाला म्हंजी झालं."

दुकानात एक अर्धा कापलेला ड्रम होता, पाण्यानं भरलेला. ट्यूबमध्ये हवा भरायची, ती पाण्यात दाबून हळूहळू फिरवायची आणि बुडबुडे बघायचे. मोठं छिद्र असलं तर पाणी उकळल्यासारखं व्हायचं. खरी परीक्षा बारीक पंक्चरची. गिऱ्हाईक म्हणणार, रोज हवा उतरतेय. मी ट्यूब दोनदा फिरवून म्हणायची, "अब्बा, छिद्र न्हाई." अब्बा म्हणायचे, "न्हाई म्हणू नको, बेटी. दिसलं न्हाई म्हण. हवा आणखी भर, पाणी हलू देऊ नको, मंग बघ." हवा आणखी भरली की कुठूनतरी मोहरीएवढा एक बुडबुडा वर यायचा, आणि मला असा आनंद व्हायचा की बस!

दुसरी एक रीत होती. पंक्चरवाल्यांवर सगळीकडं घेतात तो आळ आमच्यावरही यायचा, की रस्त्यात खिळे हेच टाकतात. म्हणून टायरमधून निघालेला खिळा अब्बा कधी फेकत नसत. तो पुसून गिऱ्हाइकाच्या तळहातावर ठेवायचे. "हा घे. तुज्या गाडीतला हाय, माझ्या खिशातला न्हाई." कधी पंक्चर नसायचंच, मीच ट्यूब बसवताना टायर उचकटायच्या पट्टीनं चिमटलेली असायची. तेव्हाही अब्बा मला पुढं करायचे. "सांग. कुणी केलं?" मी मान खाली घालून म्हणायची, "मी केलं." गिऱ्हाईक दोन शिव्या घालायचं आणि पुढच्या खेपेला पुन्हा आमच्याकडंच यायचं.

लग्न जावेदशी झालं. तो पाइपांचा वेल्डर. आधी आखातात होता, मग खाणीतल्या कामासाठी कॅनडात आला आणि दोन वर्षांनी मला बोलावून घेतलं. पहिलं वर्ष मी एका लॉजमध्ये चादरी बदलत होते. माझं इंग्रजी म्हणजे गुड मॉर्निंग, सॉरी आणि टॉवेल. मग जावेदला कळलं, खाणीच्या तळाशी शास्त्रज्ञांची एक प्रयोगशाळा आहे, तिथं सामान धुवायला आणि तपासायला माणसं हवीत. मुलाखतीला समोर ग्लेन बसले होते. साठीचे, पांढऱ्या मिशा, तिथल्या सगळ्या यंत्रांचे मिस्त्री. इथं सगळे त्यांना नुसतं ग्लेन म्हणतात, माझी जीभ वळत नाही, मी मनात ग्लेनचाचाच म्हणते. त्यांनी विचारलं, आधी काय काम केलंय? मी शरमेनं सांगितलं, टायर, ट्यूब, पाण्याचा ड्रम, बुडबुडे. हातानं करूनही दाखवलं. ते खुर्चीतून पुढं सरकले आणि म्हणाले, "म्हणजे गळती शोधत होतीस!" आणि मला घेतलं. आजही त्या मुलाखतीची आठवण झाली की मी देवाचे आभार मानते, आणि त्या ड्रमचेही.

पहिल्या दिवशी मला वाटलं, आपण चुकून कुठल्यातरी वेगळ्याच दुनियेत आलो. वर बर्फ, तोंडातून वाफ. खाली खडक गरम, आपल्याकडच्या एप्रिलसारखा. पिंजऱ्यातून उतरून काळ्या बोगद्यातून चालत जायचं, बूट धुवायचे आणि मग सगळ्यांनी अंघोळ करायची. साहेबांनीही! पावडर नाही, काजळ नाही, बांगडी नाही. त्यांनी दिलेले कपडे, वर पांढरा सूट, डोक्याला टोपडं, तोंडाला मास्क, हातांत मोजे. बाया काय, माणसं काय, सगळे डोळ्यांपुरते उघडे. दिंद्रुडमध्ये मी ओढणी घेऊन टायर काढायचे तेव्हा लोक हसायचे. इथं कुणाची टोपी सरकली तर रागावतात.

हे सगळं कशासाठी, ते मला एलेनानं सांगितलं. एलेना शास्त्रज्ञ आहे, माझ्याच वयाची, बोलताना दोन्ही हात हवेत. तिनं अंघोळीच्या आधी, बाहेरच्या बोगद्यातच, खडूनं जमिनीवर काढून दाखवलं. आकाशात ताऱ्यांचे मोठमोठे मेळे आहेत. ते इतक्या वेगानं गरगर फिरतात की गोफणीतल्या दगडांसारखे कधीच उधळून जायला हवे होते. पण जात नाहीत. म्हणजे त्यांना काहीतरी धरून ठेवतंय. ते दिसत नाही, चमकत नाही, त्याची सावलीही पडत नाही. आणि ते थोडंथोडकं नाही, दिसणाऱ्या सगळ्या जगापेक्षा कितीतरी जास्त आहे. म्हणजे बघा, पोत्यात डोकावलं तर मूठभर ज्वारी, आणि काट्यावर ठेवलं तर पोतं गच्च भरल्याचं वजन!

मी विचारलं, "मग ते आहे कुठं?"

एलेना म्हणाली, "इथंच. तुझ्यातून, माझ्यातून, या खडकातून आत्ता आरपार जात असणार. कशाला अडत नाही, हीच तर अडचण."

 त्या दिवशी वर आल्यावर मी बराच वेळ स्वतःच्या तळहाताकडं बघत बसले होते.

तर ती गोष्ट पकडायला त्यांनी एक मोठी टाकी केलीय. तिच्यात एक वायू इतका थंड करून भरतात की त्याचं पाणी होतं. त्या न दिसणाऱ्या गोष्टीचा एखादा कण चुकूनमाकून त्या पाण्यातल्या अणूला धडकला, तर अगदी काजव्याच्याही हजाराव्या हिश्शाएवढा उजेड पडेल, आणि तो टिपायला भोवती डोळे बसवलेत. पण उजेड काय, धुळीच्या कणानंही पडतो. आभाळातून पडणाऱ्या किरणांनीही पडतो, म्हणून तर दोन किलोमीटर खडक डोक्यावर घेतलाय. माणसाच्या घामानं पडतो, केळ्यानंही पडतो. आपल्या सगळ्यांच्या अंगात पोटॅशियम असतं आणि त्यातला बारीकसा वाटा सारखा किरण सोडत असतो, हे मला तिथंच कळलं. म्हणून सगळं घासायचं, पुसायचं. म्हणून मी.

गळती तपासायचं यंत्र बघून तर मी नाचायचीच बाकी राहिले. आतली हवा पंपानं ओढून घ्यायची आणि बाहेरून सांध्यावर हीलियमचा फवारा मारायचा. छिद्र असेल तर हीलियम आत शिरतो आणि यंत्र ओरडतं. म्हणजे आमचा ड्रमच, फक्त उलटा! तिथं हवा बाहेर येताना दिसायची, इथं आत जाताना. यंत्रावर गळतीचा आकडा येतो. मी पहिल्या आठवड्यात ग्लेनना विचारलं, "शून्य कधी दाखवेल?" ते म्हणाले, "कधीच नाही. या यंत्राला शून्य येत नाही. 'माझ्या नजरेपेक्षा बारीक', एवढंच ते सांगतं."  आमच्या ड्रमावर वाकून अब्बा मला हेच तर सांगत होते. तेच इथं कागदावर मोठ्या लोकांनी लिहून ठेवलेलं.

एलेनाचं अख्खं कामही असंच आहे. इतकी वर्षं जगभरची माणसं शोधतायत, सापडलं नाही. पण 'नाही' असं कुणी लिहीत नाही. एक आलेख काढतात, त्यावर एक रेघ. रेघेच्या वरचा भाग म्हणजे इथपर्यंत आम्ही बघितलं, इथं ते असतं तर दिसलं असतं. खालचा भाग म्हणजे अजून नजर पोचली नाही. टाकी जितकी स्वच्छ, तितकी रेघ खाली सरकते. यांची हयात त्या रेघेला चिमूटभर खाली ढकलण्यात जाते, आणि सकाळी पिंजऱ्यात उभे असताना त्यांचे चेहरे बघा, ईदला निघाल्यासारखे!

आता माझी चूक.

टाकी बंद करायचा आठवडा होता. वरच्या झाकणाजवळ वायूच्या नळीचा एक छोटा व्हॉल्व्ह, त्याचा सांधा मी तपासत होते. यंत्राचा आकडा एकदा हलला आणि पुन्हा खाली बसला. मी थांबले. खरंच गळतंय, की यंत्राला नुसता भास झाला? आणि तुम्हाला काय सांगू, डोकं कॅनडात होतं, हात दिंद्रुडमध्ये गेला. डाव्या हातानं मास्क खाली, उजव्या हाताचं मोजा घातलेलं बोट जिभेला, आणि तिथून थेट व्हॉल्व्हवर. बुडबुडा येतो का बघत होते मी! आत हवा ओढणारी टाकी, बुडबुडा येणार कसा?

एका श्वासात हे झालं. दुसऱ्या श्वासात मी दगड झाले. आजूबाजूला कुणी नव्हतं. नियम असा की असं काही झालं की जागच्या जागी सांगायचं, तो भाग उतरवायचा, पुन्हा धुवायचा. त्यात दोन दिवस जातात. मी स्पिरिटच्या कपड्यानं तो व्हॉल्व्ह पुसला, पुन्हा पुसला, मास्क वर केला आणि गप्प बसले.

का गप्प बसले? जावेदचं कंत्राट संपलं होतं. आमचे इथं कायम राहायचे कागद माझ्या नोकरीवर अडकले होते, ग्लेन त्यासाठी शिफारशीचं पत्र देणार होते. मला वाटलं, नववीत शाळा सोडलेली बाई, हिला आत घेतलं हीच चूक झाली असं म्हणतील. पुढचे महिने मी इतकी चांगली वागले की ग्लेन म्हणाले, "नसीम, तुला बरं नाही का?"

टाकी भरली. आकडे यायला लागले. आणि एका सकाळी मी खाली गेले तर सगळे हळू आवाजात बोलत होते. एलेनानं मला कोपऱ्यात ओढलं. तिचे डोळे नुसते चमकत होते. "उजेड जास्त येतायत," ती कुजबुजली. "मोजकेच. पण यायला नको होते तिथं येतायत!"

"म्हणजे सापडलं?"

"श्श! तो शब्द नाही काढायचा. आधी स्वतःवर संशय घ्यायचा."

आणि त्यांची एक रीत मला त्या दिवशी कळली. भिंतीवर एक पांढरा फळा लावला. त्यावर प्रत्येकानं आपापला संशय लिहायचा. आपलं कुठं चुकलं असेल, काय घाण राहिली असेल, कुठली तार हलली असेल. मोठ्यात मोठा साहेबही येऊन लिहायचा. ज्याचा संशय, त्याचं नाव पुढं. आनंदाच्या भरात असलेली माणसं रांग लावून आपल्याच आनंदाला सुरुंग लावत होती! असं मी कधी बघितलं नव्हतं.

फळा भरत चालला आणि मी एकेका ओळीत माझ्या व्हॉल्व्हचा नंबर शोधत होते. ते चार-दोन जास्तीचे उजेड म्हणजे माझी थुंकीच, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. जगाचं सगळ्यात मोठं कोडं सुटलं म्हणून ही माणसं श्वास रोखून उभी होती, आणि ते कोडं दिंद्रुडच्या नसीमच्या जिभेवरून आलेलं!

मी वर येऊन अब्बांना फोन लावला. माझी दुपार, त्यांची रात्र, दुकान बंद करून ते जेवले होते. मी सगळं सांगितलं. टाकी काय, कण काय, त्यांना किती कळलं कुणास ठाऊक. ते मध्ये एकदाच बोलले. "थुंकी लावलीस ते कुणी बघितलं?"

"न्हाई, अब्बा."

"मंग तुला कावून झोप न्हाई?"

मी रडायला लागले. म्हटलं, "हाकलून देतील. कागद अडतील. परत यावं लागंल."

अब्बांनी मला रडू दिलं. मग म्हणाले, "खिळा सापडलाय न्हवं? मंग गिऱ्हाइकाच्या हातावर ठेव. तुज्या खिशात ठेवला तर तुलाच टोचंल. दुकान जाईल तर जाऊ दे." आणि फोन ठेवायच्या आधी, जरा चिडून, "आन् मोजा घालून थुंकी लावतंय का कुणी? मोज्यावरून काय कळणार!"

दुसऱ्या दिवशी मी अंघोळ करून, सूट घालून सरळ फळ्यापाशी गेले. एलेना, ग्लेन, आणखी दहाबारा जण तिथंच उभे होते.  इंग्रजीत मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'थुंकी'. पुढं व्हॉल्व्हचा नंबर आणि तारीख. पुढं माझं नाव.

सगळे माझ्याकडं वळले.  मी मोडक्या इंग्रजीत सगळं सांगितलं, मास्क खाली केला इथपासून पुसला इथपर्यंत. मग म्हणाले, "सॉरी. तेव्हाच सांगायला हवं होतं. भ्याले."

ग्लेननी मिशीवरून हात फिरवला. "किती?"

"काय किती?"

"थुंकी किती? थेंब, की नुसतं ओलं बोट?"

आणि एलेना! मला वाटलं होतं ती तोंड फिरवेल. ती वही घेऊन धावतच आली. "कुठल्या बाजूला लावलीस? आतून की बाहेरून? पुसायला काय घेतलंस? किती वेळानं? नसीम, हे तर मोजता येईल!" तासाभरात माझ्या हातात एक निर्जंतुक डबी होती आणि मी कोपऱ्यात बसून विज्ञानासाठी थुंकत होते. भीतीनं तोंड इतकं कोरडं पडलेलं की काही येईना. ग्लेन म्हणाले, "लिंबाचा विचार कर." मी आमच्या दारातल्या कैऱ्यांचं लोणचं आठवलं. डबी भरली.

ती थुंकी त्यांनी जाड शिशाच्या पेटीत, किरण मोजणाऱ्या यंत्राशेजारी ठेवली. तसलाच एक व्हॉल्व्ह आणला, मला तस्सं बोट लावायला सांगितलं, तस्संच पुसायला सांगितलं, आणि तोही पेटीत ठेवला. ते दिवस माझे कसे गेले ते मलाच ठाऊक. टाकीजवळ जायला मला बंदी होती. ग्लेननी स्वच्छ सांगितलं होतं, "थुंकी लावलीस त्याचा राग नाही. गप्प बसलीस त्याचा आहे. ही बंदी त्यासाठी." मी मान डोलावली. शिक्षा माझ्या मापाची होती.

मग एका सकाळी एलेनानं मला मोठ्या पडद्यापुढं बसवलं. पडद्यावर टाकीतल्या प्रत्येक वस्तूची यादी होती. तांबं, बोल्ट, तारा, रबराच्या रिंगा. प्रत्येकीपुढं ती किती किरण सोडते त्याचा आकडा. यादीच्या तळाशी नवी ओळ, 'लाळ, मोज्यावरून, पुसलेली'. आणि पुढं आकड्याआधी एक चिन्ह, 'याहून कमी'.

"म्हणजे?" मी विचारलं.

"म्हणजे तुझी थुंकी आम्हाला दिसली नाही."

"म्हणजे नाहीये?"

एलेना हसली. "नाही असं कसं म्हणू? असेल. पण आमच्या नजरेपेक्षा बारीक. त्या उजेडाशी तिचा संबंध लागत नाही."

मला आधी हसू आलं आणि मग रडू. आभाळातले मेळे धरून ठेवणाऱ्या त्या गोष्टीपुढं जे चिन्ह ही माणसं लिहितात, तेच माझ्या थुंकीपुढं लिहिलेलं!

आता तुम्ही म्हणाल, मग ते जास्तीचे उजेड? त्याचंही सांगते. आणखी काही महिने आकडे येऊ दिले. खरं असतं तर उजेड त्याच हिशोबानं वाढत गेले असते. वाढले नाहीत. इतर नेहमीच्या उजेडांत हळूहळू मिसळून गेले, आभाळ येऊन न बरसता जावं तसे. ज्या दिवशी ते नक्की झालं त्या दिवशी एलेना जेवली नाही. मी तिच्या शेजारी बसून राहिले.  दुपारी तीच उठली, संगणक उघडला आणि मला हाक मारली. "बघ." आलेखावर जुनी रेघ होती, आणि तिच्या खाली, चांगली बोटभर खाली, नवी. "इथं आजवर कुणी बघितलं नव्हतं. आपण बघितलं. इथं ते नाही." ती हे असं म्हणाली, जसं काही इथं सोनंच निघालं! आणि खरं सांगते, मलाही तसंच वाटलं. माणसाची नजर बोटभर पुढं सरकली, आणि सरकली तेव्हा मी तिथं, त्या खोलीत उभी होते. आता आणखी मोठ्या टाकीची तयारी चाललीय.

माझी बंदी उठली. नव्यानं कामाला येणाऱ्यांना पहिल्या दिवशी जे सांगतात, त्यात ग्लेननी एक भाग मला दिलाय. मी त्यांच्यापुढं उभी राहते आणि सांगते, चूक झाली तर लगेच बोला, आणि मग माझी गोष्ट सांगते. थुंकीपाशी सगळे हसतात. हसू देते.

ग्लेननी पत्र दिलं. त्यात त्यांनी काय लिहिलं ते मी जावेदकडून तीनदा वाचून घेतलं. आणि गेल्या महिन्यात आमचे कागद आले. आता आम्हाला इथून कुणी काढू शकत नाही. जावेदनं शेजाऱ्यांना बोलावून बिर्याणी घातली. मला आनंद झाला, लई झाला. पण त्याच दुपारी भांडी आवरताना एक गोष्ट ध्यानात आली आणि मी नळ चालू ठेवून तशीच उभी राहिले.

ही पाच वर्षं माझ्या मनात दिंद्रुड म्हणजे काय होतं? मला परत पाठवतील ती जागा. इंग्रजी चुकलं, तर दिंद्रुड. नियम मोडला, तर दिंद्रुड. कागद अडले, तर दिंद्रुड. जिथं मला पाना धरायला शिकवलं, जिथं 'मी केलं' म्हणायला शिकवलं, त्या घराची मी शिक्षा करून टाकली होती. आणि म्हणून एकदाही गेले नाही. रजा मागायची भीती, गेले तर परत येऊ देतील का ही भीती. तुमच्यातल्या ज्या लांब गेल्यात त्यांना हे कळेल. जवळ राहिल्यात त्यांना वाटत असेल, नसीमला माज आला. माज नव्हता गं.

आता परत पाठवणारं कुणी उरलं नाही. आता घर म्हणजे जिथं मला माझ्या पायांनी, माझ्या मनानं जायचंय ती जागा. हे इतकं नवं वाटतंय की मी दोन दिवस कुणाला सांगितलंच नाही.

तिसऱ्या दिवशी रजेचा अर्ज भरला. त्यात 'कारण' असा रकाना असतो. आजारपण लिहावं, लग्न लिहावं, काय लिहावं? शेवटी खरं तेच लिहिलं. 'वडिलांना नवी रेघ दाखवायची आहे.' ते वाचून ग्लेन म्हणाले, "तुझे वडील शास्त्रज्ञ आहेत हे तू बोलली नाहीस कधी." मी म्हटलं, "पंक्चर काढतात." त्यांनी सही केली, आणि एलेनाला सांगून तो आलेख मोठ्या कागदावर छापून दिला.

काल अब्बांना फोन केला. म्हटलं, "पुढच्या महिन्यात येतेय. दुकानातच बसून तुम्हाला सगळं समजावून सांगणार हाय, पहिल्यापासून. कागद आणतेय मोठा."

"ये," अब्बा म्हणाले. आवाज जरासा हलला, मग लगेच दुकानदाराचा झाला. "पर गिऱ्हाईक असलं तर थांबावं लागंल."

थांबीन की!